शेगडी खोलीबाहेरच ठेव

निफाडची थंडी तुला नवी, म्हणून आधी हेच सांगते: दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवून आजोबांना झोपवू नकोस. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. अंथरूण गरम पाण्याच्या पिशवीनं शेक, पण ते आडवे होण्याआधी ती काढून घे. मधुमेहात कधीकधी पावलांना चटका जाणवत नाही गं. माझ्या सासऱ्यांच्या टाचेवरचा फोड आम्हाला सकाळी दिसला, अजून जीव हळहळतो. "मला नाही वाजत थंडी" म्हणाले तरी पोटाला हात लावून बघ. उतारवयात गारठा नीट जाणवत नाही. कानटोपी हवीच. पायमोजे फक्त अंथरुणात, फरशीवर पाय घसरतो. रात्री उठताना दोन मिनिटं खाटेवर बसू दे.