लेप लावला म्हणजे औषध आत गेलं का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या मिस्टरांना (वय 46) बऱ्याच वर्षांपासून सोरायसिस आहे. दोन्ही कोपरं, गुडघे आणि पाठीवर जाड चट्टे आहेत, अंथरुणात खवले पडतात. स्टिरॉइडच्या मलमाने कमी होतं, बंद केलं की परत येतं. लग्नकार्याला जाणं त्यांनी सोडलंय. मी रोज रात्री हळद आणि कडुनिंबाचा लेप लावते. शेजाऱ्यांनी बावचीचं तेल सुचवलंय, मुलाने ऑनलाइन एक ‘नॅनो हर्बल’ जेल मागवलंय. मिस्टर पहाटेपासून होडीवर असतात. या वनस्पतींतलं औषध खरंच कातडीतून आत जातं का? – सौ. स. त., मालवण

उत्तर : ताई, सगळ्यात आधी बावचीचं तेल बाजूला ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

बावचीच्या बियांत सोरालेन असतं. त्याचा रेणू लहान, तेलात विरघळणारा, त्यामुळे ते कातडीत सहज शिरतं. तिथे ते उन्हातल्या अतिनील किरणांची वाट बघत बसतं. कोडावर आणि सोरायसिसवर आम्ही याच जातीची औषधं मोजून देतो आणि यंत्राखाली मोजूनच किरणं देतो. तुमचे मिस्टर तेल लावून होडीवर गेले, तर वरून ऊन आणि खालून पाण्यावरून परतणारं ऊन. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भाजल्यासारखे फोड येतात आणि जिथे भाजलं तिथे सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो. असे पेशंट मी पाहिले आहेत, म्हणून इतकं ठासून सांगते.

आता तुमचा मूळ प्रश्न. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तळहात-तळपाय सोडले तर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आतबाहेर. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या फटी चरबीने लिंपलेल्या. बाहेरचं आत जाऊ नये यासाठीच ही भिंत असते. रेणूचं वजन साधारण 500 डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) वर गेलं की तो यातून जवळजवळ जात नाही. त्याहून लहान असला तरी चरबीत आणि पाण्यात, दोन्हींत थोडा थोडा विरघळणारा लागतो, कारण चरबीची फट ओलांडल्यावर पुढे जिवंत, ओलसर थर असतो.

हळदीतलं कर्क्युमिन 368 डाल्टनचं, म्हणजे आकाराची अडचण नाही. पण ते पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. तुम्ही पाण्यात कालवून लावता तेव्हा त्याचे कण कातडीवर नुसते पडून राहतात, शिवाय उजेडात ते टिकत नाही. लेप धुतल्यावर दिसणारा पिवळेपणा त्या मेलेल्या थराचा असतो आणि चार दिवसांत त्याच्याबरोबर गळून जातो. प्रयोगशाळेत कर्क्युमिन सूज कमी करतं हे खरं, पण तुमच्या वाटीतलं तिथवर पोचत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला तर चट्टा आणखी कोरडा करतो. लेप थांबवा आणि त्याऐवजी आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधं व्हॅसलीन लावा. खवले मऊ पडतील, मग कुठलंही औषध चांगलं लागेल.

आणि तरीही मी वनस्पतीच्या विरोधात नाही. सोरायसिसवरचं एक उत्तम औषध झाडातूनच आलंय आणि त्याच्या जुन्या नावात आपला शेजार आहे. ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातल्या पोकळ्यांत एक पिवळसर भुकटी साठते. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली, गजकर्णावर चोळली जायची आणि ‘गोवा पावडर’ म्हणून ओळखली गेली. 1870 च्या दशकात लंडनचे डॉक्टर बाल्मॅनो स्क्वायर यांच्या एका पेशंटने गजकर्ण समजून ती स्वतःच लावली. त्याला होता सोरायसिस, आणि तो ओसरला. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेना, तेव्हा जर्मनीत त्यातलाच रेणू किंचित बदलून कारखान्यात बनवला. तेच आजचं डिथ्रॅनॉल, 226 डाल्टनचं.

याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ‘थोडा वेळ लावून धुण्याची’ पद्धत. सोरायसिसच्या चट्ट्यावर ती भिंत कच्ची असते, पेशी घाईघाईने रचलेल्या असतात. त्यामुळे औषध तिथे झटकन शिरतं आणि बाजूच्या चांगल्या कातडीत सावकाश. दहा मिनिटांपासून सुरुवात करून अर्ध्या तासापर्यंत ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. चट्ट्याला हवं तेवढं मिळतं, बाजूची कातडी फार भाजत नाही. औषध कातडीतून कसं जातं हे नीट समजल्यामुळेच ही पद्धत जमली. मलमात सॅलिसिलिक आम्ल घालतात ते खवले सोडवायला आणि डिथ्रॅनॉल हवेने खराब होऊ नये म्हणूनही.

पण हे दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका. सुरुवात 0.1 टक्क्यासारख्या कमी ताकदीने होते आणि ती डॉक्टरनेच वाढवायची. चेहरा, काखा, जांघा इथे लावायचं नाही. चट्टे लालभडक झाले असतील किंवा त्यांत पू असेल तर अजिबात नाही. लावून वर प्लास्टिक गुंडाळू नका. कातडी काही दिवस तपकिरी पडते, कपड्यांवरचे डाग तर निघतच नाहीत, तेव्हा एक जुनी लुंगी आणि बनियन वेगळे काढा. चट्टे गेल्यावर काही महिने बरे जातात, पण आजार मुळापासून जात नाही, हे मिस्टरांना आधीच सांगा.

राहिलं ते जेल. ‘नॅनो’ म्हणजे अतिसूक्ष्म. रेणू चरबीच्या अशा बारीक पुड्यांत गुंडाळून वरच्या थरात जास्त पोचवता येतो, हे शास्त्र खरं आहे. मात्र नुसतं ‘नॅनो’ छापलेल्या डबीवरून काही कळत नाही. कोणतं द्रव्य, किती टक्के, बनवण्याचा परवाना क्रमांक, हे नसेल तर परत पाठवा. आणि चार दिवसांत चमत्कार झाला तर जास्त सावध व्हा. अशा ‘हर्बल’ डब्यांत न सांगता स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

लग्नकार्याचं वाचून वाईट वाटलं. सोरायसिस संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवा, एका टॉवेलला हात पुसा, कुणाला काही होत नाही. न्हाव्याला, पाहुण्यांना, होडीवरच्या मंडळींना हे तुम्ही मोकळेपणाने सांगा.

आणखी एक. सकाळी उठल्यावर त्यांची बोटं अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहतात का, टाचा दुखतात का, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत का, ते बघा. यातलं काही असेल तर सोरायसिस सांध्यांत उतरत असू शकतो. मग वरून लावायच्या कुठल्याही मलमाने भागणार नाही, पोटातून औषध लागेल. महिनाभर थांबू नका, याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात त्वचाविभागात दाखवा.