बाबांचं नाव सातबाऱ्यावरून काढवत नाही

"ताई, वारस लावायची एवढी घाई कायले?" यवतमाळकडच्या खेड्यांतून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या घरांकडून हे मी सारखं ऐकते. कोणाला वाटतं लोक लालची म्हणतील, कोणाला वाटतं बहिणी हिस्सा मागतील, म्हणून एका भावाची गोष्ट सांगते, ओळख कळणार नाही अशी बदलून.

वडील जाऊन वर्ष उलटलं होतं. वावर त्यांच्याच नावावर, पीक कर्ज अडलेलं, पेरणी तोंडावर, आणि हा रोज कागद घेऊन पटवाऱ्याकडे निघायचा अन् पानठेल्यावर बसून परत यायचा. मायच त्याला घेऊन आली, "याले रातची झोप नाही."

सुरुवातीला तो बहिणींवरच बोलला. "दोघींचे नावं लागले म्हणजे वावराचे तुकडे झालेच न." इथेच बहुतेक घरं अडकतात हो. वारस नोंद वेगळी, वाटणी वेगळी. मृत्युपत्र नसेल तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं, मुली, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, सगळ्यांची नावं चढतात, 2005 पासून वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क मुलाएवढाच. वाटणी कधी करायची ते घरानं नंतर ठरवायचं. हे त्याला पटलं, तरी पाय काही उचलेना.

मग मी त्याला सातबारा आणायला सांगितला. टेबलावर ठेवला, वडिलांच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसला. "इथं रेघ मारतीन न आता?" आधी मयताच्या नावाला कंस व्हायचा, आता नव्या सातबाऱ्यात आडवी रेघ येते. "माह्या बापानं याच वावरात जिंदगी काढली, आन् मी सोताच्या सहीनं त्याले खोडू?"

मी म्हटलं, पूर्ण नाव सांग तुझं. सांगितलं त्याने.

"मधलं नाव कोणाचं?"

तो रडला. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच, माय म्हणाली.

कागद अडतो तिथे बरेचदा दुःखच अडलेलं असतं, असं मी ठामपणे मानते, आणि म्हणूनच मी एकट्या माणसाशी बोलून थांबत नाही, अख्खं घर समोर बसवते. बहिणींना बोलावलं. मोठी म्हणाली, "मले वावर नको रे, पण मले न विचारता माह्यं नाव गाळू नको." एवढंच हवं होतं तिला, आणि हा वर्षभर तिला टाळत होता!

तर अशा घरांना माझं सांगणं असं. मृत्यू दाखला, अर्ज, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र तलाठ्याकडे द्या. तीन महिन्यांत कळवायचं असतं, उशीर झाला तरी नोंद होते. नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस असतात. 2025 मध्ये बुलढाण्यातून सुरू झालेली जिवंत सातबारा मोहीम याचसाठी होती, मयतांच्या जागी वारस लावायला. बँकेतला नॉमिनी पैसे घेतो पण मालक होत नाही, तेही घरात बोलून ठेवा. मुंबईचे पाहुणे प्रोबेट प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मंजुरी) करून घाबरवतात, आपल्याकडच्या वावराच्या मृत्युपत्राला ते सक्तीचं नाही. आणि बहिणीकडून हक्कसोडपत्र तेरवीच्या गडबडीत कधीच घेऊ नका, ते नोंदणीकृत असतं, मागे फिरणं फार अवघड, तिला निवांत विचार करू द्या.

या घरात मायसकट चौघांची नावं लागली. कर्जाचा अर्ज गेला, कापूस पेरला. वाटणीचं त्यांनी दिवाळीनंतर बसून बोलायचं ठरवलंय.