आजोबांच्या डब्यात पोर्तुगीज गोव्यातली नाणी सापडलीत: 1881 चा चांदीचा रुपिया आणि 1901 चं ब्रॉन्झचं (तांब्याच्या मिश्रधातूचं) पाव तांगा. डाग पडलेत. घरचे म्हणतात चिंचेनं घास. घासू का?

रुपियावरचा काळेपणा काढू नका. पाव तांग्यावरचा हिरवा डाग मात्र कसला आहे ते आधी बघा.

चिंचेचं नाव आलं म्हणून जरा लांबण लावतो. चवथीच्या आधी समयांबरोबर नाणीही चिंच-मिठात बुडवणारे काका गोव्यात घरोघर भेटतात, आणि "बघ कसं लखलखलं" हे एकच पालुपद लावतात. लखलखणारच! आम्लानं वरचा थर खाल्ला, खालचं गुलाबी तांबं उघडं पडलं. मीठ त्याहून वाईट. त्यातलं क्लोराइड धातूच्या छिद्रांत बसतं आणि पावसाळ्याची दमट हवा लागली की तिथूनच हिरवं फुटतं. टूथपेस्टनं चांदीवर बारीक ओरखडे येतात, भिंग धरलं की लगेच दिसतात. घासलेलं नाणं जाणकार हातात घेताच ओळखतो आणि भाव पाडतो. काकांनी हे एकदा मान्य करावं.

आता हिरवा डाग. लाकडी टूथपिकनं हलकेच टोचा, सुई नको. कडक, गुळगुळीत, गडद असेल तर सोडून द्या, तो नाण्याचं रक्षणच करतो. चिकट, तुपकट असेल तर तो पीव्हीसीच्या, म्हणजे मऊ प्लास्टिकच्या, पाकिटाचा प्रताप. शुद्ध अॅसिटोन काचेच्या वाटीत घ्या, नाणं पाच-दहा मिनिटं बुडवा, मग ताजं अॅसिटोन घेऊन पुन्हा एकदा. कडेला धरून काढा, पुसू नका, आपोआप सुकतं. खिडकी उघडी, गॅस बंद. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो.

फिकट हिरवी भुकटी टूथपिकला लागली आणि खाली खड्डा दिसला, तर तो 'ब्रॉन्झ डिसीज', म्हणजे क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जाणं. याला हात लावावाच लागतो, नाहीतर पसरतो. भुकटी टोकरून काढा, नाणं डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवा, रोज पाणी बदला, आठवडे लागतात. नळाचं पाणी नको, त्यात क्लोरीन असतं. शेवटी अॅसिटोनमध्ये एक बुडी, म्हणजे छिद्रांतलं पाणी निघतं. तरीही कधीकधी परत उगवतो.

ठेवायला मायलरचं (पॉलिएस्टर फिल्मचं) पाकीट आणि हवाबंद डब्यात सिलिका जेल. दाणे रंग बदलले की गरम करून पुन्हा वापरा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर डबा उगाच उघडू नये.

हो, डब्यात शिशाचं जुनं बझारुक (पोर्तुगीज काळातलं हलक्या किमतीचं नाणं) निघालं तर वरचा पाण्याचा उपाय त्याला करू नका. शिसं डिस्टिल्ड वॉटरमध्येच खराब होतं. ते कोरडंच ठेवा आणि जाणकाराला दाखवा.