डबा भरलेलाच परत येतो

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगी दहावीत आहे. दिवाळीत तिची आत्या तिच्या वजनावरून सगळ्यांसमोर बोलली, तेव्हापासून डबा भरलेलाच परत येतो, भर उन्हातही ती जॅकेट काढत नाही आणि खो-खोही सोडला आहे. सतत डोके दुखते, चक्कर येते. हिमोग्लोबिन ९.६ आले, बाकी रिपोर्ट नॉर्मल आहेत. हे म्हणतात, सगळे नखरे आहेत. स्वतःला कमी लेखल्याने तब्येत बिघडते का? – एक आई

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

होय, बिघडते. आपण बेढब आहोत असे मनाने घेतलेली मुलगी जेवण टाळते, चारचौघांत धावणे सोडते, रात्री मोबाइलवर इतरांचे चेहरे पाहत जागते आणि काही महिन्यांत त्याचे परिणाम शरीरावर दिसू लागतात. पुढे हे उलट दिशेनेही घडते. या वयाच्या मुलीचे हिमोग्लोबिन किमान १२ असायला हवे, ते ९.६ असताना जिना चढतानाही धाप लागू शकते, वाचलेले डोक्यात शिरत नाही आणि त्या थकव्याला घरात आळस म्हटले गेले की आपण कशाच्याच लायकीचे नाही ही तिची समजूत पक्की होते. हे नखरे नाहीत, एवढे आपल्या यजमानांना माझ्या वतीने अवश्य सांगावे. मात्र हिमोग्लोबिन केवळ न जेवल्यानेच उतरले असे गृहीत धरू नये. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, जंतांचे औषध हवे का, हे डॉक्टरांना विचारावे.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला, त्यात किशोरवयात स्वतःला कमी लेखणाऱ्यांची मानसिक आणि शारीरिक तब्येत तरुणपणी तुलनेने खालावलेली आढळली. त्याच देशातील दुसऱ्या अभ्यासात मात्र घरची परिस्थिती विचारात घेतल्यावर हा संबंध बराच सौम्य दिसला. म्हणूनच मुलीला 'तू छान आहेस' असे उठता-बसता ऐकवण्यापेक्षा, ज्या घरात ती वाढते तेथील बोलणे आणि जेवणखाण बदलण्यावर माझा अधिक भर आहे.

ताई, आपल्या मूळ पत्रात मुलीच्या वजनाचा आकडा तीनदा आला आहे. ती खो-खोत भल्याभल्यांच्या हाती लागत नसे, हे मात्र अर्ध्या ओळीत आटोपले आहे. आपण हे काळजीपोटीच लिहिले यात मला शंका नाही, परंतु मुलीच्या कानांवरही बहुधा याच प्रमाणात या गोष्टी पडत असतील. वजनकाटा काही महिने माळ्यावर ठेवावा. स्वतःच्या पोटाविषयी, रंगाविषयी तिच्यासमोर आपणही वाईट बोलू नये, कारण मुली आईचे हे बोलणे बारकाईने ऐकतात. आत्याबाईंना यजमानांनीच फोन करून स्पष्ट शब्दांत सांगावे की हा विषय पुन्हा निघणार नाही. आपण बाजू घेतल्याचे मुलीला कळले तरी चालेल, किंबहुना कळावेच.

डब्यावरून रोज चौकशी करू नये. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र, मोबाइल बाजूला ठेवून घ्यावे आणि ताटात काय उरले याकडे पाहू नये. लोहाच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा द्याव्यात, मात्र चहा किंवा दुधाबरोबर देऊ नयेत, लिंबूपाणी चालते. झोप किमान आठ तास व्हावी, दहावीचे वर्ष असले तरीही. हिमोग्लोबिन सुधारल्यावर, डॉक्टरांच्या संमतीने, तिला मैदानावर परतायचे आहे का हे विचारावे, आग्रह मात्र धरू नये.

जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जाऊन ओकते का, आणि जॅकेटच्या बाह्यांखाली जखमा लपवते का, हे तिला एकांतात, न रागावता विचारावे. यांपैकी काही आढळल्यास, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे ती बोलल्यास, मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही. तशी वेळ आलेली नसली तरी जिल्हा रुग्णालयात किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री' क्लिनिकची चौकशी करावी आणि तेथे समुपदेशकांशी तिला एकटीने बोलू द्यावे. आपण बाहेर बसावे.