जपानहून आणलेले गेम अमेरिकेच्या थ्रीडीएसवर आणि पीएसपीवर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही जळगावला राहता, जवळ अमेरिकेहून आलेली निन्टेन्डो थ्रीडीएस आणि सोनी पीएसपी ही हातात धरून खेळायची गेमची यंत्रं आहेत. मावसभाऊ नागोयाहून दिवाळीला येतोय. त्याला कोणते जपानी गेम सांगायचे आणि तिकडचा चार्जर इथे चालेल का?

भाऊ, थ्रीडीएसचे जपानी गेम अजिबात मागवू नका. २०११ ला आलेल्या या कन्सोलला प्रांताचं कुलूप आहे. अमेरिकेचं यंत्र फक्त अमेरिकेचंच थ्रीडीएस कार्ड घेतं. आधी तुमचं यंत्र खरंच अमेरिकेचं आहे ना, ते बघून घ्या. सिस्टम सेटिंग्ज उघडा, वरच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली ११.१७.०-५०यू असा काहीतरी आकडा दिसेल. शेवटचं अक्षर यू असेल तर अमेरिका, ई म्हणजे युरोप, जे म्हणजे जपान. कुलपाचा आणि भाषेचा संबंध नाही, इथेच बरेच जण फसतात. २०१३ च्या पोकेमॉन एक्स आणि वायमध्ये सुरुवातीलाच सात भाषांतून एक निवडता येते, जपानी कार्डातही इंग्रजी असते. तरी ते कार्ड तुमच्या थ्रीडीएसमध्ये उघडणार नाही.

साध्या निन्टेन्डो डीएसच्या कार्डांना मात्र हे कुलूप नाही. कुठल्याही देशाचं साधं डीएस कार्ड तुमच्या थ्रीडीएसवर चालतं. साधं कोणतं, हे लेबलवरच्या बारीक कोडवरून कळतं. एनटीआरने सुरू होणारा आणि जेपीएनने संपणारा कोड असेल तर बिनधास्त घ्या. टीडब्ल्यूएलने सुरू होत असेल तर थांबा. ते डीएसआयसाठी (डीएसचंच नंतरचं यंत्र) वाढवलेलं कार्ड असतं आणि डीएसआय व थ्रीडीएस दोन्हीवर त्याला कुलूप लागतं. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट याच प्रकारातले. ते जपानी असले तरी जुन्या डीएस लाइटवर चालतात, कारण त्या यंत्रात कुलूप तपासायची सोयच नाही. दुकानदार ‘डीएसचा गेम आहे’ म्हणाला तर तो खोटं बोलत नसतो, पण मावसभावाने पैसे देण्याआधी तुम्हाला लेबलचा फोटो पाठवावा.

पीएसपीचं काम सोपं आहे. गेमची यूएमडी, म्हणजे पीएसपीची छोटी चकती, कुठल्याही देशाची चालते. तिच्यावरच्या कोडमध्ये यूएलजेएम, यूएलजेएस ही जपानची अक्षरं, यूएलयूएस अमेरिकेची. ज्यावर यूएमडी व्हिडिओ लिहिलंय ती सिनेमाची चकती असते, आणि तिला डीव्हीडीसारखंच प्रांताचं कुलूप असतं: जपान २, अमेरिका १, भारत ५. ती घेऊ नका. जुनी यूएमडी घेताना तिची पारदर्शक खिडकी बोटाने हलकेच दाबून बघायला सांगा. बऱ्याच चकत्यांचा त्या जागेचा गोंद सुटतो. सुटली असेल तर कडेला टाचणीच्या टोकाने अगदी थोडा गोंद लावा. फेव्हिक्विकची वाफ चकतीवर पांढरट डाग पाडते, म्हणून ती खिडकी वेगळी काढून कडेला लावा आणि पूर्ण सुकू द्या, मगच बसवा.

जपानी गेम खेळताना पहिली चूक बटणांची होते. तिकडे गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही, आपल्या सवयीच्या उलट. सेव्हच्या प्रश्नात भाषा कळली नाही तरी अक्षरं मोजा: हो हा शब्द दोन अक्षरांचा असतो, नाही हा तीन अक्षरांचा. जुनं सेव्ह पुसायच्या वेळी एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ नुकसान टळतं. त्याच गेमच्या अमेरिकी आवृत्तीचं सेव्ह जपानी चकतीला सहसा ओळखता येत नाही, म्हणून पुढचा खेळ पहिल्यापासून सुरू करायची तयारी ठेवा.

आता चार्जर. यात चूक झाली तर यंत्र जळू शकतं. आपल्याकडे २३० व्होल्ट, जपानमध्ये १००, अमेरिकेत १२०. पीएसपीच्या सोनीच्या अडॅप्टरवर इनपुट १००-२४० लिहिलेलं असतं, तो फक्त पिन बदलून इथे लावता येतो. थ्रीडीएसच्या मूळ अमेरिकी अडॅप्टरवर १२० व्होल्ट असतं, आउटपुट ४.६ व्होल्ट ९०० मिलिअँपिअर. तो कन्व्हर्टर पिन लावून थेट भिंतीत घातला तर गेला. जपानी अडॅप्टरही लेबल वाचल्याशिवाय लावू नका. कन्व्हर्टर पिन फक्त दांड्यांचा आकार बदलते, व्होल्ट नाही. ४५-५० वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरतो, पण हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका ट्रॅव्हल कन्व्हर्टर चालत नाही. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थ्रीडीएसची यूएसबी केबल आणि फोनचा ५ व्होल्टचा चांगला चार्जर.

दिवाळीनंतर उन्हाळा येतोच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि निन्टेन्डो स्वतः आपलं थ्रीडीएसनंतरचं यंत्र स्विच वापरायला ५ ते ३५ अंश सांगते. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावू नका, कूलरच्या झोतात पहाटे लावा. झोतात म्हणजे फवाऱ्यात नव्हे, ओलावा लांबच ठेवा. पीएसपीचं मागचं झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगलीय, ती काढून टाका. जुनी बॅटरी चार्ज धरत नसेल तर यूएमडीने सांगितलेलं अपडेट सुरूही होत नाही, त्यासाठी चार्ज झालेली बॅटरी आणि अडॅप्टर दोन्ही लागतात.

कार्ड आत घातल्यावर दिसत नसेल तर आधी संपर्क पुसा. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मोबाइल रिपेअरिंगवाल्यांकडे मिळतं, गोलाणी मार्केटमध्ये विचारा. कानाच्या काडीला थोडं लावायचं, सोनेरी पट्ट्यांवर एकाच दिशेने फिरवायचं, पाच मिनिटं सुकू द्यायचं. दुकानात थिनर दिलं तर घेऊ नका, प्लास्टिक पांढरं पडून विरघळतं.

आणि मावसभावाला स्वस्तातला स्विच २ घ्यायचा मोह होईल. तिथे २०२५ ला ४९,९८० येनला जो आला तो फक्त जपानी भाषेचा, त्याला खातंही जपानचंच लागतं. सगळ्या भाषांचा वेगळा आहे, तो तेव्हा ६९,९८० येनचा होता. खोक्यावरचं वाचून घ्यायला सांगा.