कारखाना नाही, तरी तळं हिरवं

प्रश्न: आमच्या गावात (काटोल तालुका) एकही कारखाना नाही. तरी पोळा झाला की तळ्यावर हिरवा तवंग येतो. वरच्या बाजूला संत्र्याच्या बागा आणि पऱ्हाटी (कपाशी) आहे. ग्रामपंचायत तळ्यात कारंजं बसवायचं म्हणते. उपयोग होईल का? – एक वाचक

उत्तर: कारंजं खुशाल बसवा, संध्याकाळी पोरं बघायला येतील. हवा मिसळून वासही थोडा कमी होईल. पण शेवाळ पोसणारं खत वरच्या वावरांतून येतं, आणि ते प्रत्येक धुऱ्यावरून (बांधावरून) थोडंथोडं येतं. यंत्र बसवणार कुठं?

मोठा पाऊस पडताना, वावराचं पाणी नाल्यात उतरतं तिथं एक काचेची बाटली भरा आणि रात्रभर ठेवा. जाड गाळ तळाशी बसेल, वरचं पाणी सकाळीही मातकटच राहील. ती काळ्या जमिनीची बारीक चिकणमाती. डीएपी खतातलं स्फुरद (फॉस्फरस) तिलाच धरून तळ्यात उतरतं. त्यामुळे तळ्याच्या तोंडाशी खड्डा खणला तर रेती अडते, खरा माल निसटतो. माती वावरातच थांबवायला हवी.

पऱ्हाटीची पेरणी आणि डवरणी (ओळींमधली कोळपणी) उताराला आडवी करा. सोयीचं पडतं म्हणून डवरा उताराच्या दिशेनं चालवतात आणि प्रत्येक तासाची नाली होते. खालच्या धुऱ्यावर खस गवताचे ठोंब खेटून लावा. वीतभर फट राहिली तरी पाणी नेमकं तिथूनच वाट काढतं. बागेत ओळींमधली जमीन चकचकीत ठेवण्याची आपल्याकडे भारी हौस! तिथलं गवत कापून तिथंच पसरू द्या.

युरियाचं गणित वेगळं. त्यातलं नत्र नायट्रेट होऊन विरघळतं आणि विहिरीत झिरपतं, धुऱ्यावरचं गवत त्याला फारसं अडवत नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. गावची विहीर तपासून घ्याच. युरिया हप्त्यानं द्या, मातीआड करा, आभाळ भरून आलं असताना फेकू नका.

गावची सांडपाण्याची नाली तळ्यात येत असेल, तर नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेच्या फायटोरिड पद्धतीची चौकशी करा. खडीच्या थरातून, कर्दळीसारख्या झाडांच्या मुळांमधून पाणी स्वच्छ होतं. पावसाचा लोंढा मात्र तिच्यात सोडू नका, खडी गाळानं बुजते.

आणि पुढच्याच पोळ्याला फरक शोधू नका. तळातल्या जुन्या गाळातही स्फुरद साचलेलं आहे. उन्हाळ्यात तळं आटलं की तो काढून वावरात पसरवा, पण उतारावर नको.