छंद म्हणून मधमाश्या पाळायच्या तर आधी काय शिकावं?

तुम्ही विचारलंय की मुळशीकडे तुमची थोडी जागा आहे, शनिवार-रविवारी तिथे जाणं होतं, दोन मधपेट्या ठेवायच्या आहेत, तर पेटी, बुरखा, मधयंत्र यातलं आधी काय घ्यावं. मधयंत्र, म्हणजे पोळ्यातून मध काढायचं यंत्र, सगळ्यात शेवटी घ्या. पहिलं वर्ष फ्रेम, म्हणजे पेटीतल्या पोळं बांधलेल्या चौकटी, वाचायला शिकण्यात घालवा. मधमाशी पालनातली खरी कला तीच आहे, आणि ती आली की मध आपोआप मिळतो.

त्याआधी माशी कोणती, ते ठरवा. मुळशीसारख्या घाटमाथ्याजवळच्या भागात माझ्या मते सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशीच घ्यावी. मेलिफेरा ही युरोपातून आलेली माशी जास्त मध देते हे खरं, पण ती पाळणारे लोक पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरी, सूर्यफूल, धणे असा फुलोरा गाठत फिरतात. एका जागी ठेवलेल्या मेलिफेराला आपल्याकडच्या पावसाळ्यात पोसत बसावं लागतं. शिवाय व्हरोआ या परजीवी कोळ्यापुढे ती हतबल होते. सातेरी त्याची मूळची यजमान आहे, त्यामुळे त्याला कसं आवरायचं ते तिला ठाऊक आहे. सातेरीचा दोष एकच, पण मोठा आहे: ती रुसते. भूक, ऊन, मुंग्या किंवा सतत पेटी उघडणं यातलं काहीही सहन झालं नाही, तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते.

आता फ्रेम वाचण्याबद्दल. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, ऊन चढलेलं पण तापलेलं नसताना पेटी उघडा. सूर्य पाठीमागे ठेवा, म्हणजे उजेड तुमच्या खांद्यावरून थेट पोळ्यातल्या घरांच्या तळाशी जातो. धूर अगदी थोडा द्या. गोणपाटाचा तुकडा किंवा नारळाचा सोडण पेटवून दोन फुंकर पुरतात. सातेरी जास्त धुराने शांत होण्याऐवजी पोळ्यावरून सैरावैरा पळायला लागते, मग काहीच दिसत नाही. फ्रेम उचलली की ती उभीच धरायची, पेटीच्या वरच धरायची. नवं पोळं मऊ असतं, आडवं केलं तर उन्हात वाकून तुटतं.

राणी शोधत बसू नका. नवीन माणूस अर्धा तास राणी शोधतो आणि तोवर पिलावा, म्हणजे घरांतली अंडी-अळ्या, गार पडतो. तुम्हाला हवीत अंडी. ती जेमतेम दीड मिलिमीटर लांब, पांढरी, घराच्या तळाला चिकटलेली असतात. पहिल्या दिवशी अंडं उभं असतं, दुसऱ्या दिवशी कलतं, तिसऱ्या दिवशी आडवं पडतं. म्हणजे उभं अंडं दिसलं की एका दिवसापूर्वी राणी इथे होती हे नक्की. एका घरात एकच अंडं, मधोमध, हे चांगलं लक्षण. एकेका घरात दोन-तीन अंडी, कशीही टाकलेली, भिंतींनाही चिकटलेली दिसली, तर राणी गेलेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालायला लागल्यात. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. सातेरीत हे फार लवकर सुरू होतं, म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या वर पेटी न बघता सोडू नये.

आणखी एक गोष्ट नव्या लोकांना घाबरवते. काही बंद घरांची टोपणं उंच, टोकदार असतात आणि टोकाला बारीक भोक असतं. हा रोग नाही. सातेरीच्या नरांची घरं अशीच असतात. ती वाढायला लागली आणि फ्रेमच्या खालच्या कडेला खाली तोंड करून लोंबणारे राणीकोश, म्हणजे नव्या राणीची घरं, दिसले, तर वसाहत फुटायच्या तयारीत आहे. तेव्हा तुम्ही स्वतःच विभाजन करा, नाहीतर माश्या निम्म्या संख्येने शेजारच्या झाडावर जाऊन बसतील.

काळजी करण्यासारखं दृश्य वेगळं असतं: अर्धवट उघड्या घरांत अळ्या मेलेल्या, डोकं वर उचललेलं, चिमट्याने ओढली तर पाण्याची पिशवी निघावी तशी निघते. हा थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला याने दक्षिण भारतातल्या सातेरी वसाहती मोठ्या प्रमाणावर संपवल्या. यावर औषध नाही, आणि कोणी अँटिबायोटिक विकायला आलं तर घेऊ नका. त्या पेटीतल्या फ्रेम दुसरीत टाकायच्या नाहीत, हात आणि हत्यारं धुतल्याशिवाय पुढची पेटी उघडायची नाही.

दोन पेट्या ठेवायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. एकीची राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची एक फ्रेम माश्या झटकून तिच्यात द्या. त्या अंड्यांतून माश्या स्वतःच नवी राणी तयार करतात. ती बाहेर येऊन, मिलन होऊन, अंडी घालू लागेपर्यंत महिनाभर जातो, पण वसाहत वाचते. एकच पेटी असेल तर हा उपायच उरत नाही.

तुमची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. मुळशीचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, त्यात माश्या बाहेर पडू शकत नाहीत आणि पडल्या तरी फुलोरा तोकडा असतो. साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पाक करा, गार झाल्यावर संध्याकाळी पेटीच्या आत ठेवा, त्यात काटक्या टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत. दोन्ही पेट्यांना एकाच वेळी द्या आणि बाहेर थेंबही सांडू देऊ नका, नाहीतर दांडगी पेटी दुबळीला लुटते. गूळ देऊ नका, त्यांना हगवण लागते. बाजारचा मधही नको, त्यातून रोग येतात.

याच दिवसांत मेणकिडा येतो. पोळ्यावर जाळी आणि तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर, काळी विष्ठा दिसते. त्याला कारण बहुतेक वेळा रिकाम्या फ्रेम असतात. पेटीत जेवढ्या फ्रेम माश्यांनी पूर्ण झाकल्या आहेत तेवढ्याच ठेवा, बाकीच्या काढून घ्या. लोकांना भरलेली पेटी बघायला आवडते, पण पावसाळ्यात चार गच्च फ्रेम आठ विरळ फ्रेमपेक्षा कितीतरी बऱ्या. तळपाट दर शनिवारी झाडून काढा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्यांसाठी. पाण्यात थोडं जळकं तेल टाकलं की डासही होत नाहीत. पेटीचं तोंड नैऋत्येला करू नका, पाऊस सरळ आत येतो. सकाळचं ऊन, दुपारची सावली, तोंड पूर्वेला.

मधाचं थोडक्यात सांगतो. मध फक्त वरच्या कोठीतला घ्यायचा, खालच्या पिलाव्याच्या कोठीला हात लावायचा नाही. निदान तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झालेली फ्रेमच काढायची, नाहीतर मध पातळ राहतो आणि आंबतो. तुमच्याकडे मार्च-एप्रिलात जांभूळ फुलतं, त्या मधाला किंचित कडवट चव असते आणि ती फार छान लागते. वर्षाला पेटीमागे चार-पाच किलो मिळाला तरी समाधान माना.

प्रशिक्षणासाठी पुण्यातच केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ पासून. महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि जवळच मांघर, २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. जमलं तर तिथल्या एखाद्या मधपाळाबरोबर सकाळभर उभे राहा. हात किती सावकाश हलवायचे ते वर्गात कळत नाही. डंख झाला तर नखाने लगेच खरवडून काढा आणि बाजूला व्हा, कारण त्या जागेचा वास इतर माश्यांना बोलावतो. अंगभर पित्त उठलं, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा. घरातल्या कोणाला अशी ॲलर्जी असेल तर हा छंद त्या जागी नकोच.

वसाहत पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. विकणाऱ्याला पेटी तुमच्यासमोर उघडायला सांगा. चार-पाच फ्रेम माश्यांनी झाकलेल्या, मधल्या फ्रेममध्ये एकेकटी अंडी आणि स्वच्छ तळपाट दिसला तरच पैसे द्या. अंधार पडल्यावर दाराला जाळी लावून पेटी आणा, जागेवर ठेवल्यावर थोडं थांबून जाळी काढा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत झाकण उघडू नका. तोवर पेटीच्या दारापाशी बसून बघा: माश्या पायांना परागाचे गोळे लावून आत जात असतील तर त्यांनी जागा स्वीकारली.